कात्री लावण्याआधी: घरच्या बागेतली छाटणी कुठे, कधी आणि किती

आमच्या परसात वडिलांनी लावलेला केशर आंबा आहे. बारा वर्षांपूर्वी त्याची एक मांडीएवढी फांदी खिडकीवर येऊ लागली, म्हणून माणूस बोलावून ती तोडून घेतली. त्याने ती खोडाला अगदी घासून कापली, रंधा मारल्यासारखी सपाट. काम सफाईदार दिसत होतं आणि मीही समाधानाने पैसे दिले. तिसऱ्या पावसाळ्यात त्या जागी वाटीएवढा खळगा पडला. पुढे त्यात भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड, शिरलं, खोडातून भुसा गळू लागला. आज त्या पोकळीत माझी मूठ आत जाते. फांदी दोन-तीन बोटं पुढे कापली असती तर हे झालं नसतं. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून हा लेख. मी पुण्यात राहतो, त्यामुळे यातलं वेळापत्रक देशावरच्या हवेचं आहे. कोकणात पाऊस जास्त आणि दमट दिवस अधिक, तिथे काय बदलतं ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

झाडाची जखम भरत नाही

आपल्या बोटाला कापलं की तिथे नवी कातडी येते, म्हणून झाडाचंही तसंच होत असेल असं आपण धरून चालतो. झाडाचं तसं नसतं. कापलेल्या जागेचं लाकूड पुन्हा जिवंत होत नाही. झाड त्या जागेभोवती आतून भिंती घालतं, कुजणं त्या भिंतींच्या आत कोंडून ठेवतं आणि वरून नव्या लाकडाची गुंडाळी चढवत जातं. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं आणि १९७०च्या दशकात त्याची नीट मांडणी केली. तोवर जगभर बहुतेक माळी फांदी खोडाला घासूनच कापत असत. आपल्याकडे बरेचजण अजून तसंच कापतात.

या भिंती घालायची सगळ्यात चांगली सोय झाडाने फांदीच्या बुडाशी केलेली असते. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे नीट पाहा. वरच्या बाजूला, बेचक्यात, सालीची एक खडबडीत काळसर वळी दिसेल. खालच्या बाजूला फांदी थोडी फुगलेली असेल, बांगडी चढवल्यासारखी. या फुगवट्याला मी या लेखात कडं म्हणतो. कडं हे खोडाचं असतं, फांदीचं नसतं. काप नेहमी कड्याच्या बाहेर, पण कड्याला लागून घ्यायचा. कडं कापलं तर खोडालाच जखम होते, जशी माझ्या आंब्याला झाली. उलट कड्यापासून लांब कापून चार बोटांची खुंटी ठेवली, तर ती वाळते, कुजते आणि कूज त्याच वाटेने आत जाते. शेवग्यावर आणि गुलमोहरावर अशा खुंट्या हव्या तेवढ्या पाहायला मिळतात.

हत्यारं

घरच्या बागेला दोन हत्यारं पुरतात. एक चांगली सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री. तिची दोन पाती एकमेकांच्या शेजारून सरकणारी हवीत. एक पातं दुसऱ्या सपाट पट्टीवर आपटतं ती कात्री ओली फांदी चेचते, ती फक्त वाळक्या काड्यांसाठी ठेवा. कापताना धारेचं पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे धरा, म्हणजे दाबामुळे होणारी इजा तोडून टाकायच्या तुकड्यावर जाते. अंगठ्याहून जाड फांदीला कात्री लावू नका, तिथे छाटणीची वाकडी करवत लागते, ओढताना कापणारी. कोयत्याने काम झटपट होतं, पण घाव तिरका बसतो आणि साल फाटते. नारळाच्या झावळीला कोयता ठीक आहे, गुलाबाला नाही.

धार हवीच. आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पातं सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. हे काम कंटाळवाणं आहे, पण लिंबू, डाळिंब आणि गुलाब यांच्या बाबतीत मी ते कधीच टाळत नाही, कारण रोगट फांदीचा रस पात्यावरून थेट निरोगी झाडात जातो.

पहिली फेरी, हात न लावता

कात्री खिशात ठेवून झाडाभोवती एक चक्कर मारा. घरटी आहेत का ते आधी बघा. बुलबुल, शिंपी, शिंजीर यांची घरटी उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर अगदी हाताच्या उंचीच्या झुडपांत असतात. घरटं चालू असेल तर ते झुडूप महिनाभर सोडून द्या, तेवढ्यात पिल्लं उडून जातात. विजेची तार फांद्यांतून गेली असेल तर त्या झाडाला स्वतः हात लावू नका, वीज कंपनीला कळवा.

शहरात राहत असाल तर आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन करणारा कायदा आहे. झाड आपल्या कुंपणात असलं तरी ते तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या झाडाच्या फांद्या उतरवायच्या असतील तरी पालिकेच्या उद्यान विभागाकडे आधी अर्ज करा. गुलाब-जास्वंदीला अर्थातच याची गरज नाही.

मग कापायला सुरुवात करा, ती याच क्रमाने. आधी मेलेलं लाकूड. विदर्भातले संत्रा बागायतदार याला सल काढणं म्हणतात. नखाने साल खरवडून बघा: खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे, तपकिरी दिसलं तर सल. सल वर्षभरात कधीही काढा, त्याला मुहूर्त लागत नाही. नंतर रोगट आणि मोडलेल्या फांद्या. त्यानंतर एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्यांपैकी जी आतल्या बाजूला वळली आहे ती. मग पाणसोट, म्हणजे खोडातून किंवा जाड फांदीतून सरळ आकाशाकडे सुटणारे, लांब पेरांचे, लुसलुशीत फुटवे. लिंबावर ते फार येतात, अन्न ओढतात आणि बरीच वर्षं फळ देत नाहीत. कोवळे असतानाच हाताने मोडले तर कात्रीही लागत नाही. शेवटी कलमाच्या जोडाच्या खालून आलेलं सगळं काढा, ते तुमच्या झाडाचं नसून, ज्यावर कलम बांधलं त्या खुंटाचं असतं.

एवढं झाल्यावर थांबा आणि चार पावलं मागे जाऊन बघा. बहुतेक झाडांचं काम इथेच संपलेलं असतं. यापुढचं कापायचं असेल तर एका वर्षात मोठ्या झाडाचा पाव भाग आणि झुडपाचा तिसरा भाग, यापुढे जाऊ नका. पानं म्हणजे झाडाची चूल. ती फार विझवली तर झाड साठवलेलं अन्न काढून घाईघाईने पाणसोट सोडतं, आणि तुम्ही ज्या दाटीसाठी कात्री घेतली होती तीच पुढच्या वर्षी दुप्पट होऊन समोर येते.

बारीक काडी: डोळ्यावर कापणं

पानाच्या देठाच्या बगलेत जो टिपका असतो तो डोळा. शेंडा जिवंत असतो तोवर त्यात तयार होणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली उतरत राहतं आणि खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. शेंडा काढला की कापाच्या लगेच खालचे एक-दोन डोळे फुटतात, आणि डोळा ज्या दिशेला तोंड करून असेल त्याच दिशेला फांदी जाते. झाडाला आकार देण्याची सगळी कला एवढ्यावर उभी आहे. झुडूप पसरायला हवं असेल तर बाहेर बघणाऱ्या डोळ्यावर कापा. फार पसरलं असेल तर आत किंवा वर बघणारा डोळा निवडा.

काप डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, डोळ्यापासून मागे उतरता. म्हणजे पाणी डोळ्यावर न साचता पलीकडे ओघळतं. फार जवळ कापलं तर डोळा वाळतो. फार वर कापलं तर उरलेला तुकडा मरतो आणि मरण खाली उतरत जातं. गुलाबाची काडी शेंड्याकडून काळी पडत खाली येते ती बहुतेकदा अशीच.

जाड फांदी: तीन काप

मनगटाएवढी किंवा त्याहून जाड फांदी एका कापात काढायची नाही. करवत अर्ध्यावर गेली की फांदी आपल्याच वजनाने तुटते आणि खोडाची साल हातभर सोलत खाली येते.

१. खोडापासून वीतभर पुढे, फांदीच्या खालून वर, जाडीच्या पाव ते तिसऱ्या भागापर्यंत काप घ्या. करवत अडकू लागली की थांबा.

२. त्या कापाच्या दोन-तीन बोटं पुढे, वरून खाली आरपार कापा. फांदी पडेल. साल फाटली तरी ती पहिल्या कापाशी येऊन थांबेल.

३. आता वजन नसलेली खुंटी राहिली. ती एका हाताने धरा आणि वर सालीची वळी, खाली कडं, या दोन्हींच्या लगेच बाहेरून कापा. हा काप बऱ्याचदा तिरका येतो. खोडाला समांतर आणण्याचा मोह टाळा.

शिडीवर उभं राहून डोक्यापेक्षा उंच करवत चालवू नका. तेवढ्या उंचीचं काम माहीतगार, दोर बांधून काम करणाऱ्या माणसाचं आहे. तो कापत असताना खाली उभं राहून कडं दाखवणं मात्र आपलं काम, आणि ते मी आता न चुकता करतो.

जखमेवर काय लावायचं? ऑइल पेंट, डांबर, शेण यांनी जखम लवकर झाकली जात नाही. उलट आत ओल कोंडते. नीट घेतलेला काप उघडा राहिला तरी चालतो. अपवाद फळझाडांचा, आणि त्यातही पावसाळी किंवा कोकणातल्या हवेचा. तिथे बोर्डो पेस्ट लावावी. एक लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवा. १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या भांड्यात थोडं थोडं पाणी घालून विझवा, तो उकळतो, तोंड लांब ठेवा. मग त्यातही एकूण अर्धा लिटर पाणी होऊ द्या. गार झाल्यावर दोन्ही एकत्र ओतून ढवळा. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, थोडा वाढवा. लोखंडी भांडं वापरू नका आणि पेस्ट त्याच दिवशी संपवा.

कधी कापायचं: फूल कुठे येतं ते आधी बघा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि नेमका हाच विचारला जात नाही. लोक विचारतात, "छाटणीचा महिना कोणता?" खरं तर विचारायला हवं, "या झाडाचं फूल कोणत्या काडीवर येतं?"

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. तिथे वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलात खरड छाटणी करून वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे मांडवावरच्या कायमच्या आडव्या फांदीपर्यंत, मागे आणतात, म्हणजे नव्या काड्या येतात. उन्हाळ्याच्या प्रखर उजेडात त्या काडीच्या डोळ्यांत घडाचा सूक्ष्म अंकुर तयार होतो, बाहेरून काही दिसत नसतं. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी करून तेच डोळे फोडतात. एप्रिलची छाटणी काडीसाठी आणि ऑक्टोबरची फळासाठी. दोन्हींत कात्री तीच, पण हेतू वेगळा.

आपल्या बागेतली झाडंही याच नजरेने दोन गटांत पाडता येतात.

पहिला गट नव्या फुटीवर फुलणाऱ्यांचा. गुलाब, जास्वंद, मोगरा, बोगनवेल, पेरू, पारिजातक. यांना छाटलं की नवी फूट आणि नव्या फुटीवर फूल, म्हणून ही झाडं छाटणीला मनापासून साथ देतात. फूल कधी हवं ते ठरवा आणि तिथून मागे मोजा.

गुलाबाची मोठी छाटणी पाऊस नक्की संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यात. छाटणीपासून सुमारे ४५ दिवसांनी बहर येतो, तो नेमका थंडीत सापडतो आणि फूल मोठं, रंगाला गडद निघतं. निरोगी जाड चार-सहा काड्या ठेवा, पेन्सिलीहून बारीक सगळ्या काढा, उंची दीड फुटाच्या आसपास. मधला भाग वाटीसारखा मोकळा हवा. काप घेतल्यावर काडीचा गाभा पाहा: पांढरा असेल तर ठीक, तपकिरी असेल तर पांढरा लागेपर्यंत खाली या. पाच पानांचा गुलाब कलमी आणि सात पानांचा जंगली, हा समज मात्र सोडून द्या. कितीतरी चांगल्या कलमी गुलाबांना सात पानं असतात. फूट कलमाच्या जोडाच्या वरून आली की खालून, एवढंच तपासा. खालून असेल तर माती उकरून मुळाशी ओढून काढा, वरवर कापली तर दोनाच्या चार होतात.

जास्वंदीचं गणित माझ्या घरी गणपतीशी बांधलेलं आहे. छाटणीनंतर भरपूर फुलं धरायला दोन-अडीच महिने लागतात. चतुर्थी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कुठेही येते, म्हणून पंचांग बघून मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये छाटतो. जुलै-ऑगस्टात हात लावला तर ऐन गणपतीत नुसती पानं. छाटताना शेंड्यांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण हमखास सापडतो, ते तुकडे खतात न टाकता पिशवीत बांधून द्या.

मोगऱ्याला छाटणीआधी ताण द्यावा लागतो. डिसेंबरअखेर पाणी तोडा, पानं मलूल होऊ द्या. जानेवारीच्या उत्तरार्धात झुडूप दीड फुटावर आणा, राहिलेली पानंही खुडून टाका, माती हलवून शेणखत द्या आणि मग भरपूर पाणी. मार्चमध्ये ओंजळ भरते. ज्यांचा मोगरा "नुसताच वाढतो, फुलत नाही", त्यांनी हे एकदा करून बघावंच.

पारिजातक ऑगस्टपासून दिवाळीच्या पुढेपर्यंत सडा घालतो, त्याला फेब्रुवारीत छाटा. बोगनवेल प्रत्येक बहरानंतर तिसऱ्या भागाने मागे घ्या, बाकी तिला फारसं काही लागत नाही.

दुसरा गट आधीच्या हंगामात तयार झालेल्या शेंड्यावर फुलणाऱ्यांचा. आंबा, अनंत, चाफा. इथे चुकीच्या महिन्यात कात्री लावणं म्हणजे वर्षाचं फूल कचऱ्यात टाकणं. आंब्याचा मोहोर पक्व झालेल्या शेंड्यांवरच येतो. दिवाळीच्या साफसफाईत आंबा छाटला तर नवी पालवी येते, मोहोर नाही. आंब्याची छाटणी फळं उतरली की लगेच, म्हणजे पावसाळ्यातली पालवी पक्व व्हायला वेळ मिळतो. कोकणात पाऊस बसण्याआधीचे कोरडे दिवस गाठा आणि प्रत्येक जाड कापावर बोर्डो पेस्ट लावा. भिरूड ताज्या जखमांच्या वासावर येतं. आंब्याचा चीक अंगावर उडाला तर कातडी भाजते, बाही पूर्ण असू द्या. अनंताची फुलं संपली की त्याच महिन्यात त्याला हलकं छाटा, पुढे ढकलू नका.

चाफा, म्हणजे देवचाफा, शेंड्यावरच गुच्छ धरतो. शेंडा कापला तर त्या फांदीचं यंदाचं फूल गेलं, पण तिथून दोन-तीन फांद्या फुटतात. म्हणून दरवर्षी थोड्याच फांद्या निवडा. पानं गळालेली असतात त्या थंडीतच कापा. पावसाळ्यात कापलेली चाफ्याची फांदी आतून मऊ पडून कुजते. कापलेले तुकडे आठवडाभर सावलीत वाळवून लावले तर जवळजवळ सगळे जगतात, शेजाऱ्यांना द्या.

कढीपत्त्याला शेंडा खुडणं आवडतं. फुलांचे तुरे आले की काढत राहा, पानं वाढतात. सोनचाफा आणि चिकू यांना मोठी छाटणी सोसत नाही, सल काढा आणि सोडून द्या. कुंपणाची कोयनेल किंवा मेंदी कापताना खालची रुंदी वरच्यापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर खालच्या पानांवर ऊन पोहोचत नाही आणि कुंपण बुडाशी उघडं पडतं. कण्हेर कापताना हातमोजे घाला आणि तिच्या काड्या कधीही जाळू नका, तिचा धूरसुद्धा विषारी असतो.

नारळाबद्दल मात्र तळमळीने सांगायचं आहे. सणासुदीला झाड "स्वच्छ" करायचं म्हणून हिरव्या झावळ्या उतरवतात. प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय, म्हणजे फुलांचा तुरा, तयार होत असते. हिरवी झावळी तोडली म्हणजे तिचा घड गेलाच, वर ताज्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो. आपसूक लोंबणारी, वाळलेली झावळी तेवढी काढा.

झाडाचं डोकं उडवू नका

पावसाआधी सोसायट्यांमध्ये गुलमोहर आणि रेन ट्री मधोमध आडवे कापून टाकतात, वादळात पडू नयेत म्हणून. त्यातून उलटंच होतं. त्या जाड थोटकांना कड्याची सोय नसते, ती वरून कुजत येतात. झाड घाबरून थोटकाच्या कडेने दहा-पंधरा सरळ फुटवे सोडतं. हे फुटवे सालीजवळ वरवर चिकटलेले असतात, लाकडात खोल रुजलेले नसतात. तीन-चार वर्षांत ते मनगटाएवढे होतात आणि पहिल्या वळवात मुळासकट उखडून गाडीवर येतात. झाड लहान करायचं असेल तर लांब फांदी मागे, तिच्याच एखाद्या चांगल्या उपफांदीपर्यंत कापा. ती उपफांदी मुख्य फांदीच्या निदान तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड हवी, म्हणजे ती शेंड्याची जागा घेऊ शकते.

छाटणीनंतर

मोठ्या छाटणीनंतर पाणी कमी करा. पानं कमी झाली म्हणजे झाड कमी पाणी पितं, आणि कुंडीत तर त्याच आठवड्यात मुळं कुजू शकतात. डोळे फुगून हिरवे दिसू लागले की पाणी आणि खत सुरू करा. कोवळ्या फुटीवर मावा आणि फुलकिडे लगेच येतात, आठवड्यातून एकदा निंबोळी अर्क फवारा. उन्हाळ्यात छाटणी करावीच लागली आणि आतापर्यंत सावलीत असलेलं खोड उघडं पडलं, तर त्याला चुना लावा. नाहीतर एप्रिलच्या उन्हात साल भाजून उभी तडकते.

वर्षभराने जाड कापांकडे परत जा. कापाभोवती नव्या लाकडाची वळी चढलेली दिसेल. ती चारही बाजूंनी सारखी, गोल बांगडीसारखी असेल तर काप बरोबर होता. वळी फक्त डाव्या-उजव्या बाजूला आणि वर-खाली काहीच नसेल, तर कडं कापलं गेलं होतं. वळी अजिबात नसेल आणि मधोमध वाळकं लाकूड पुढे आलेलं असेल तर खुंटी राहिली आहे, ती जिवंत सालीला धक्का न लावता आत्ता काढून टाका. मागच्या वर्षी त्याच केशराची दुसरी एक फांदी मी स्वतः तीन कापांत उतरवली. यंदा त्या कापाभोवती करंगळीएवढी जाड, पूर्ण गोल वळी आली आहे.